अक्कांचं तीन आकडी घर

घरं बांधणारी माणसं जगात पुष्कळ झाली असतील, पण घराचाच आकडा करून त्यात उभा जन्म राहिलेली बाई मी एकच पाहिली, आणि ती म्हणजे आमच्या आतेसासूबाई. माझ्या सासऱ्यांची ही थोरली बहीण. कळायच्या वयाआधीच विधवा होऊन माहेरी आल्या आणि मग इथल्याच झाल्या. घरातले सगळे त्यांना अक्का म्हणायचे, हुबळीच्या केशवापुरातली आमची निम्मी गल्ली म्हणायची, म्हणून मीही अक्काच म्हणत आले. त्यांना अक्षर ठाऊक नव्हतं. सहीच्या जागी अंगठा उठवायच्या, आणि उठवताना कागदावर उपकार केल्यासारखा चेहरा करायच्या. पण आकड्यांचा एवढा मान राखणारं माणूस मी तरी दुसरं पाहिलं नाही.

आमच्या समाजात लग्न असो, मुंज असो, देवळातला प्रसाद असो, जेवणाच्या पत्रावळी अक्कांच्याच हातच्या लागायच्या. अळणावरकडच्या बायका पळसाच्या पानांची ओझी डोक्यावर घेऊन यायच्या. त्या पानांवर पाणी शिंपडून ती फडक्यात गुंडाळून ठेवायची आणि दुपारची जेवणं झाली की अक्का ओसरीवर बसून बारीक काड्यांनी पत्रावळी लावायच्या. इथपर्यंत काही वेगळं नाही, हे काम पुष्कळ घरांतून चालायचं. वेगळं होतं ते पुढचं. आमचं घर तीन खोल्यांचं, कौलारू, खोल्या एका ओळीत. बाजूच्या परसात विहीर. विहिरीच्या कट्ट्यावर उभं राहून पाहिलं, की डाव्या हाताला कोठी, मध्ये माजघर आणि उजव्या हाताला ओसरी, तिन्हींची दारं समोर दिसायची. अक्कांचा कायदा असा, की सुटी पत्रावळ राहील ती ओसरीवर. दहा झाल्या की केळीच्या सोपटाने बांधून त्यांची एक जुडी करायची, आणि जुडी झाली की तिने ओसरीवर क्षणभरसुद्धा थांबायचं नाही, माजघरात जायचं. माजघरात दहा जुड्या झाल्या की त्यांचा एक भारा, आणि भाऱ्याची जागा कोठीत. आम्ही माणसं मात्र मागच्या पडवीत, माळ्यावर, जिथे अंग टेकता येईल तिथे. पत्रावळींची वस्ती आधी ठरायची, मग आमची.

हुबळी-धारवाड म्हैसूर राज्यात गेलं त्याच साली मी या घरात लग्न होऊन आले. माझी शाळा चौथीपर्यंत झालेली, तीही मराठी. त्यामुळे इथली कानडी मला कानाने यायला वर्ष लागलं आणि तोंडाने यायला त्याहून जास्त. तशी मी मराठीतही फार बोलणारी नव्हेच. पहिल्याच आठवड्यात अक्कांनी मला पानांपुढे बसवलं. मी कशीबशी एक पत्रावळ लावली आणि खाली ठेवली. अक्का एकदम ओरडल्या, "थांब! हलवू नको कुणी." मला वाटलं, काड्या उलट्या टोचल्या की काय. तसं काही नव्हतं. ओसरीवर नऊ सुट्या पडल्या होत्या आणि माजघरात नऊ जुड्या होत्या. माझी ती वेडीवाकडी पत्रावळ दहावी ठरली होती. अक्कांनी सोपट घेऊन जुडी बांधली, ती दोन्ही हातांत धरून माजघरात नेली, तिथे दहा जुड्या झाल्या म्हणून त्यांचा भारा बांधला आणि तो उचलून कोठीत ठेवला. मग मला हाताला धरून विहिरीपाशी नेलं. "बघ की," त्या म्हणाल्या. ओसरी रिकामी. माजघर रिकामं. कोठीत तेवढा एक भारा. "तुझ्या एका पानाने दोन खोल्या ओस पाडल्या. नवी नवरी म्हणून भारीच पायगुणाची आहेस हं."

मी तिथे उभी राहिले ती उभीच राहिले. चौथीत मी हातच्याच्या बेरजा केल्या होत्या. नऊ आणि एक दहा, दहाचे पूज्य, हातचा एक. शून्याला आम्ही पूज्यच म्हणायचो. हातचा म्हणजे काय हे ना गुरुजींनी सांगितलं, ना मी विचारलं. तो एक कुठून येतो आणि दुसऱ्या घरात जाऊन का बसतो, हे मला देवाच्या करणीसारखं वाटायचं. आणि इथे या अडाणी बाईने तो हातचा माझ्यासमोर खरोखर हातात धरून, दोन उंबरे ओलांडून, नेऊन ठेवला होता.

अक्कांना नऊ हा आकडा सोसत नसे. ओसरीवर नऊ पत्रावळी झाल्या की त्यांना जेवण गोड लागत नसे, बोलण्यात लक्ष लागत नसे, मध्येच उठून दहावी लावून यायच्या. एकदा शेजारच्या काकू धावत आल्या. त्यांच्याकडे अवचित चार पाहुणे आले होते आणि घरात एक पत्रावळ नव्हती. आमच्या ओसरीवर होत्या तीन. अक्का माजघरात गेल्या, एक जुडी बाहेर घेऊन आल्या, सोडली, तिच्यातली एक त्या तिनांत घालून काकूंच्या हातात चार दिल्या. मग जुडीतल्या उरलेल्या नऊ ओसरीवर मांडायला लागल्या.

काकू म्हणाल्या, "अहो अक्का, त्या नऊ तशाच आत ठेवायच्या की. पुन्हा कशाला बाहेर काढता?"

"सुट्या पत्रावळी माजघरात? माजघर काय धर्मशाळा आहे?"

"बरं बाई, येते मी."

"येते कुठं? बस की खाली. ओसरीवर नऊ झाल्या तुझ्यापायी. एक लावून दे आणि जा."

"अहो, पाहुणे पानाची वाट बघत बसले असतील!"

"बसू देत. भूक वाढली की स्वैपाकाला नावं ठेवत नाहीत."

आणि काकूंनी खरंच बसून पत्रावळ लावली. मला हसू आवरेना, म्हणून पदर तोंडात धरून मी आत पळाले. पण त्या काकूंनाही राग आला नव्हता. दहावी बांधली गेली तेव्हा त्याही मान वळवून जुडी आत जाताना बघत होत्या. अक्कांच्या घरी येणाऱ्या सगळ्यांचंच असं व्हायचं.

रोज दिवेलागणीच्या आधी अक्का विहिरीच्या कट्ट्यावर उभ्या राहून घर वाचायच्या. वाचायच्याच म्हणते, कारण त्याला दुसरा शब्द नाही. डावीकडून उजवीकडे मान फिरवायची आणि म्हणायचं, "कोठीत दोन, माजघरात सहा, ओसरीवर चार." दोनशे चौसष्ट असं त्या कधी म्हणाल्या नाहीत. त्यांना माणसंही अशीच दिसत. आमच्या नात्यातले एक गृहस्थ मोठ्या हुद्द्यावर चढले आणि आमच्याकडे आले की सगळ्या घराला उभं राहायला लावायचे. ते गेल्यावर माझे सासरे म्हणाले, "काय तोलामोलाचा माणूस आहे!" अक्का पानाचं देठ खुडत म्हणाल्या, "एकच आहे रे तो. कोठीत उभा आहे म्हणून तुला शंभराचा दिसतो. ओसरीवर आणून उभा कर, मग बघू." पुढे ते गृहस्थ पेन्शनीत निघाले आणि खरंच आमच्या ओसरीवर येऊन तासन्‌तास बसू लागले. तेव्हा मात्र अक्का त्यांना आधी पाणी द्यायच्या, मग गूळ, मग चहा. "ओसरीवरच्यांनाही विचारावं लागतं," म्हणायच्या. "दहावा तिथूनच येतो."

एक गोष्ट मला फार दिवस उमगली नव्हती. तिन्हीसांजेला अक्का तीन पणत्या लावायच्या, कोठीत एक, माजघरात एक, ओसरीवर एक. ज्या दिवशी माजघरात एकही जुडी नसे, त्या दिवशीही माजघरात पणती लागायचीच. एकदा तेल संपत आलं होतं, म्हणून मी भीत भीत म्हटलं, "अक्का, मधे काहीच नाही, तिथं आज राहू दे का?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की पुन्हा मी विचारलं नाही. "काही नाही म्हणून खोली नाही का?" एवढंच म्हणाल्या.

माझी मंजू मोठी होऊ लागली तशी अक्कांच्या मांडीला मांडी लावून बसू लागली. पोरीचा हात असा, की पाचव्या वर्षी तिची पत्रावळ पाण्याचा थेंब गळू देत नसे. अक्का तिची पत्रावळ उजेडाला धरून बघायच्या, भोक सापडायचं नाही, आणि मग दुसरीकडे तोंड करून नाक पुसायच्या. "माझ्यामागं कोण, ही काळजी गेली," असं मला एकदा म्हणाल्या होत्या. त्यांच्या मनातलं एवढं एकच मागणं मला ठाऊक होतं.

मंजूला कानडी शाळेत घातलं. जवळ तीच होती. दुसरीत ती गणितात अडली. शिक्षिकेला इकडे अक्कोरू म्हणतात. तिच्या अक्कोरू कडक होत्या, पण मनाने चांगल्या. त्यांनी मला बोलावून पाटी दाखवली. पाटीवर कानडी आकडे. आता कानडी एक हा वरून गोल आणि खाली जरासा उघडा, त्यामुळे माझ्या डोळ्यांना तो पूज्यासारखाच दिसे. मला वाटलं, पोरीने तीन पूज्यं काढून पुढे काहीतरी नक्षी केली आहे. मी मान खाली घालून उभी. अक्कोरूंनीच समजावलं, की 'नूरा ऐदु' म्हणजे एकशे पाच सांगितलं, तर ही आधी शंभर लिहिते आणि त्याला पाच चिकटवते. एकावर दोन पूज्यं आणि पाच. एक हजार पाच होतात त्याचे. सगळा वर्ग पुढे गेला, ही तिथेच. सोमवारी पुन्हा विचारते, म्हणाल्या, तेव्हाही असंच आलं तर याच वर्गात आणखी एक वर्ष बसवावं लागेल.

घरी येऊन मी हे सांगितलं. माझे सासरे भांड्यांच्या दुकानातून नुकतेच आले होते. घरात त्यांना अप्पा म्हणत. ते वाईट नव्हते, पण निकाल देऊन मोकळं व्हायची त्यांना सवय. "त्याच वर्गात पुन्हा कशाला बसवायचं? घरीच बसू दे. हात चांगला आहे तिचा. अक्काला मदत होईल." यजमान हातपाय धुवायला उठले.  मीही अशीच एक दिवस शाळेतून घरी आले होते आणि पुन्हा गेले नव्हते. कुणी रागावून नव्हे, असंच, सहज, कुणीतरी जेवताना बोललं आणि ते झालं. मंजू दाराआड पाटी छातीशी धरून उभी होती.

मला वाटलं, अक्का तरी आता सुखावतील. त्यांच्या मनासारखंच घडत होतं. पण अक्का पानं बाजूला सारून उठल्या. "काय लिहिते ती, मला दाखव."

"अक्का, तुला काय कळणार त्यातलं?" अप्पा म्हणाले.

"तू गप्प बस रे. तुझी भांडी उपडी घालून ठेव जा. मंजी, ये इकडं. एकशे पाच पत्रावळी झाल्या तर कुठं ठेवशील?"

मंजू पटकन म्हणाली, "एक भारा कोठीत. पाच ओसरीवर."

"हौदु, बरोबर! मग येतंय की हिला! अडलं कुठं?"

अडलं होतं ते मला दिसलं. का कुणास ठाऊक, त्या क्षणी लख्ख दिसलं. मी आयुष्यात पहिल्यांदा सगळ्यांदेखत, कुणी न विचारता बोलले. म्हटलं, "अक्का, जरा विहिरीकडं येता का?"

आम्ही तिघी कट्ट्यावर बसलो. समोर घराची तीन दारं. मी पाटी पुसली आणि तिच्यावर शेजारी शेजारी तीन चौकटी काढल्या. मंजूला म्हटलं, डावीकडची कोठी, मधलं माजघर, उजवीकडची ओसरी. आता जिथे जितकं आहे तितकं त्या खोलीत लिही, तुझ्या कानडी आकड्यांत लिही. तिने कोठीत एक लिहिला. ओसरीवर पाच लिहिला. आणि थांबली. "माजघरात काही नाही."

"मग तिथं काय करायचं?" मी विचारलं.

मंजूने घराकडे पाहिलं. मग अक्कांकडे पाहिलं. "पणती," ती म्हणाली, आणि मधल्या चौकटीत एक गोल काढला.

मी चौकटींच्या रेघा बोटाने पुसल्या. एक, पूज्य, पाच. एकशे पाच. मग मी तिचा जुना चुकलेला आकडा खाली लिहून दाखवला. अक्कांनी त्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "अगं, ह्या चार झाल्या! आपल्या घराला चौथी खोली कुठनं आणलीस? कुणाला विचारून बांधलीस?" मंजू खो खो हसली. त्या हसण्यातच तिचं गणित सुटलं, असं मला अजून वाटतं.

पण अक्का हसत नव्हत्या. त्या एकदा पाटीकडे बघत होत्या आणि एकदा घराकडे. "हे माझं घर पाटीवर कुणी लिहिलं गं?" त्यांनी मला विचारलं.

म्हटलं, "अक्का, सगळीकडं असंच लिहितात. मराठीत, कानडीत, इंग्रजीत. आकड्यांचे कपडे तेवढे वेगळे, खोल्या ह्याच."

"सगळीकडं?"

"हो."

"मुंबईला पण?"

"तिकडंपण."

"आणि आपल्याला चौथी खोली लागली तर?"

"कोठीच्या डावीकडं बांधायची. मग पाचवी, सहावी. कितीही बांधता येतात."

अक्का कोठीच्या डाव्या बाजूला पाहू लागल्या. तिथे आमची भिंत संपत होती, पुढे कडुनिंब, त्यापुढे रस्ता, त्यापुढे माळ. त्या बराच वेळ तिकडे पाहत राहिल्या, खोलीमागून खोली उभी राहताना दिसावी तशा. मग त्यांनी पदर सावरला आणि पाटीवरच्या त्या मधल्या गोलाला दोन्ही हात जोडले. "मला वाटायचं, हे माझंच खूळ आहे," त्या म्हणाल्या. "सगळं जग माझ्या घरात राहतं हे मला कुणी सांगितलंच नाही."

सोमवारी मंजू शाळेत गेली. दुपारी मी ओसरीवर आले तर अक्का पानांपुढे बसलेल्या, हात मांडीत, नजर गल्लीच्या तोंडाकडे. ओसरीवर सुट्या पत्रावळी होत्या नऊ. मी दोनदा मोजल्या. नऊच. अक्का नवावर थांबल्या होत्या.  म्हटलं, "दहावी मी लावू का?" त्यांनी मानेनेच नको म्हटलं.

शाळा सुटली तशी मंजू धावत आली. चप्पल एक पायात, एक हातात. "अक्काआजी, बरोबर! अक्कोरूंनी आणखी विचारले, तेपण बरोबर! ज्यांच्या ओसरीवर काही नव्हतं तेपण!" आणि दप्तर टाकून ती नेहमीसारखी पानांपुढे बसली, एक पान उचललं, काडी दातांत धरली, कारण नऊ तिलाही दिसले होते. अक्कांनी तिच्या दातांतली काडी हळूच काढून घेतली. हातातलं पान घेतलं. "तू नको," म्हणाल्या. "तू आत जा. उद्याचा अभ्यास कर." आणि दहावी पत्रावळ त्यांनी स्वतः लावली. लावताना त्यांचे हात नेहमीसारखेच चालत होते, पण त्या दिवशी त्यांनी ती उजेडाला धरून पाहिली नाही.

संध्याकाळी अप्पांनी विचारलं, "मग, बसायची ना घरी?" अक्का म्हणाल्या, "कोण? तूच बस." विषय तिथेच संपला. त्यानंतर मंजूला सुट्टीखेरीज पानांना हात लावायची बंदी झाली. अक्कांच्या मागे ते काम घ्यायला कुणी नव्हतं, आणि हे त्यांना माहीत होतं.  पण मंजू पाटी घेऊन कट्ट्यावर बसली, की त्या ओसरीवरून ओरडून विचारायच्या, "मंजी, आज किती खोल्या बांधल्यास?" ती म्हणायची, "पाच!" मग सहा. मग एक दिवस म्हणाली, सात. अक्का हातातलं पान खाली ठेवून म्हणाल्या, "यव्वा! दिवे लावता लावताच रात्र होईल की गं."

आता अक्का नाहीत, अप्पा नाहीत. लग्नाला पत्रावळी कुणी मागत नाही. मंजू काही फार मोठी विद्वान वगैरे झाली नाही. शिकली, धारवाडला नोकरीला लागली, सप्तापुरात तिचं बिऱ्हाड आहे. तिथून दर रविवारी फोन करते. मी पणत्या लावते अजून, तिन्ही खोल्यांत. तिन्ही खोल्यांत आता ठेवायला काही नाही, माणसं आणि सामान आहे एवढंच.

मागच्या महिन्यात थोरल्या मुलाने गवंडी आणला. त्याला माजघर पाडून ओसरी आणि कोठी एक करायची आहे, मोठा हॉल. त्याचं चुकत नाही, मुलंबाळं वाढली, जागा हवी. गवंडी टेप लावून भिंती मोजत होता. मी दारात उभी राहून बघत होते. मुलगा म्हणाला, "आई, तुझं काही म्हणणं आहे का?" मला एवढ्या वर्षांत हे कुणी फारसं विचारलेलं नाही, त्यामुळे उत्तर तयार नसतं. त्या दिवशी मात्र ते ओठांवर होतं. म्हटलं, "मधली खोली पाडलीस तर एकशे पाचाचे पंधरा होतील."

  मुलाने माजघरातल्या कोनाड्याकडे पाहिलं. पणतीखालचा तेलाचा डाग तिथे अजून आहे. त्याने गवंड्याच्या हातातली टेप गुंडाळली. "कोठीच्या पलीकडं वाढवता येईल का बघ," त्याला म्हणाला. आणि ते दोघे कोठीच्या डावीकडे, कडुनिंबाच्या बाजूला, चौथी खोली कुठे बसते ते बघायला गेले.